कोंबडीचं पिल्लू, बाळाचा मणका आणि २८ दिवस: फॉलिक ॲसिडचं गणित कुठे अडकलंय?

शाळेत असताना दर सोमवारी आम्हाला एक निळी गोळी मिळायची. बाई समोर उभ्या राहून ती गिळायला लावायच्या. मुली गोळी जिभेखाली दाबून ठेवायच्या आणि बाईंची पाठ वळली की खिडकीतून भिरकावून द्यायच्या. 'रक्त वाढतं' एवढंच आम्हाला सांगितलं होतं. त्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड नावाचा दुसरा एक घटक असतो आणि त्याचा संबंध पुढे कधीतरी होणाऱ्या बाळाच्या मेंदूशी आणि मणक्याशी आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनाही ते माहीत असेल, असं आज वाटत नाही.

आता हे आठवायचं कारण ब्रिटन. तिथे मैद्यात आणि पांढऱ्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. गिरण्यांना तयारीसाठी डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. प्रमाण आहे १०० ग्रॅम पिठामागे २५० मायक्रोग्रॅम. यामुळे दरवर्षी सुमारे २०० गर्भांमधलं मेंदू-मणक्याचं व्यंग टळेल, असा तिथल्या सरकारचा अंदाज आहे.

मग तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही रेशनच्या तांदळात फॉलिक ॲसिड असतंच की! हो, मिसळण्याचं धोरण ठरलं होतं. पण किती? हा आकडा पाहिला तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. त्याच्याकडे येऊच. आधी हे व्यंग म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

बाळाच्या मणक्याचं काय होतं?

गर्भ अगदी तांदळाच्या दाण्याहून लहान असतो तेव्हा त्याच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते. ही पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली जाते, कडा एकमेकींना भेटतात आणि नळी तयार होते. पुरणपोळीची पारी कडेने उचलून बंद करावी, काहीसं तसंच. या नळीला मज्जानलिका म्हणतात. तिच्या वरच्या टोकापासून मेंदू बनतो आणि उरलेल्या भागापासून मज्जारज्जू.

ही नळी वरच्या टोकाला बंद झाली नाही तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी तयारच होत नाही. असं बाळ जगत नाही. खाली, पाठीच्या भागात फट राहिली तर त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. यात बाळ जगतं, पण पाठीवर मज्जारज्जू उघडा पडलेला असू शकतो. जन्मल्यावर लगेच शस्त्रक्रिया करावी लागते. अनेक मुलांच्या डोक्यात पाणी साठतं, त्यासाठी नळी बसवावी लागते. फट कुठे आहे त्यावर पायांत किती ताकद राहील ते ठरतं. लघवी आणि शौचावर ताबा नसणं ही तर रोजची लढाई. शाळेत डायपर कोण बदलणार, या एका प्रश्नावर मुलांचं शिक्षण थांबतं.

भारतात हे प्रमाण किती? २०१३ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात ते हजार जन्मांमागे सुमारे ४ असल्याचं दिसलं. यातले बरेच अभ्यास मोठ्या रुग्णालयांतले होते आणि तिथे गुंतागुंतीच्या केसेस जास्त येतात, हे लक्षात ठेवायला हवं. पण हा आकडा निम्मा धरला तरी तो लहान नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. ही नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते. डॉक्टरांच्या हिशेबात, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलं तर, सहा आठवडे. नियमित पाळी असलेल्या बाईची पाळी तेव्हा फक्त दोन आठवडे पुढे गेलेली असते. काहींनी तोवर चाचणीही केलेली नसते. दहाव्या आठवड्यात नाव नोंदवून गोळी सुरू केली, तर त्या नळीचं जे व्हायचं ते होऊन एक महिना उलटलेला असतो.

यात कोंबडी कुठून आली?

गोष्ट सुरू होते मुंबईत, परळमध्ये. १९२८ साली लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करायला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना तीव्र रक्तक्षय होत होता आणि त्यात अनेकींचा जीव जात होता. या रक्तक्षयात लाल पेशी कमी तर असतातच, शिवाय उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसतात. विल्सने बायकांच्या जेवणाचा हिशेब मांडला. तसंच जेवण प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि मग माकडांना दिलं. शेवटी उत्तर सापडलं ते यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त, काळ्या, चिकट पदार्थात. तो दिल्यावर बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे ते तिला माहीत नव्हतं, म्हणून त्या अज्ञात घटकाला पुढे 'विल्स फॅक्टर' असं नाव पडलं. (२०१९ मध्ये गूगलने तिच्या १३१व्या जन्मदिनी डूडल केलं होतं. परळमधल्या गिरणी कामगार बायकांची नावं मात्र कुठे नाहीत.)

तो घटक शोधायला उंदीर फारसे उपयोगी नव्हते. त्यांच्या आतड्यातले जीवाणूच हे जीवनसत्त्व बनवतात आणि उंदीर स्वतःची विष्ठा खाऊन ते परत मिळवतात. त्यांच्यात कमतरता निर्माण करणं अवघड होतं. कोंबडीचं पिल्लू तसं नाही. ते झपाट्याने वाढतं, स्वस्त असतं आणि खाद्यात एखादी गोष्ट कमी पडली की काही आठवड्यांत त्याच्या पिसांवर, पायांवर आणि रक्तात दिसतं.

अमेरिकेत त्याच सुमारास कुक्कुटपालन परसातून बाहेर पडून कारखान्यासारखं होऊ लागलं होतं. परसातली कोंबडी किडे, गवत, उकिरडा असं सगळं टिपते. पिंजऱ्यातल्या कोंबडीला आपण देऊ तेवढंच. त्यामुळे कोंबडीला नेमकं काय काय लागतं, हा पैशांचा प्रश्न बनला आणि विद्यापीठांत कोंबडीच्या आहारावर जोरात संशोधन सुरू झालं. मिसूरी विद्यापीठातल्या होगन आणि पॅरट यांनी १९४० च्या सुमारास दाखवलं की एका अज्ञात जीवनसत्त्वाअभावी पिल्लांना रक्तक्षय होतो. रक्तपेशी तशाच, मोठ्या. त्यांनी त्याला नाव दिलं 'बी-सी'. यातला 'सी' हा चिकचा, म्हणजे पिल्लाचा.

१९४१ मध्ये दुसऱ्या एका गटाने पालकाच्या ढिगाऱ्यातून एक आम्ल वेगळं काढलं. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, म्हणून फॉलिक ॲसिड. माकडांवर काम करणाऱ्यांनी आपल्या घटकाला 'एम' म्हटलं होतं. हे सगळं एकच आहे, हे कळायला काही वर्षं गेली. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेने ते कृत्रिमरीत्या तयार केलं. त्या गटाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईतल्या बायकांच्या रक्तापासून निघालेली गोष्ट अमेरिकेतल्या पिल्लांमार्गे पुन्हा एका भारतीयाच्या टेबलावर पोचली होती.

बी१२ ची कथाही कोंबड्यांच्या खुराड्याजवळूनच जाते. मेरी शॉर्ब ही शास्त्रज्ञ मेरीलँड विद्यापीठाच्या कुक्कुटपालन विभागात काम करायची. बी१२ किती आहे हे एका जीवाणूच्या वाढीवरून मोजायची तिची पद्धत वापरूनच १९४८ मध्ये हे जीवनसत्त्व वेगळं काढता आलं. या बी१२ चं काम पुढे पडणार आहे.

पिल्लांमध्ये मज्जासंस्थेची लक्षणं दिसली होती का?

दिसली होती, पण तेव्हा त्यांच्याकडे कुणी बाळांच्या नजरेने पाहिलं नाही. टर्कीच्या पिल्लांच्या खाद्यातून फॉलिक ॲसिड काढलं की त्यांची मान ताठ होते, पुढे ताणली जाते आणि पिल्लं पटापट मरतात. कोंबडीलाच ते कमी मिळालं तर अंड्यातला गर्भ मरतो किंवा चोच आणि पाय वाकडे होतात. म्हणजे आईच्या खाण्यातली कमतरता थेट पुढच्या पिढीच्या घडणीत उतरते, हे पोल्ट्रीवाल्यांच्या पुस्तकांत फार आधी आलं होतं.

माणसांबाबत हा धागा १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स या डॉक्टरांनी उचलला. व्यंग असलेलं बाळ जन्मलेल्या मातांमध्ये फोलेटची गडबड जास्त दिसते, असं त्यांनी मांडलं. त्यावर पुढची २५ वर्षं वाद चालला. निकाल लागला १९९१ मध्ये. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांमध्ये १,८१७ बायकांवर चाचणी केली. या सगळ्यांना आधी अशा व्यंगाचं बाळ झालेलं होतं. पुढच्या गरोदरपणाआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलेल्या गटांत ६ बाळांमध्ये व्यंग दिसलं, न घेतलेल्यांत २१. म्हणजे ७२ टक्के संरक्षण. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या चाचणीने दाखवलं की पहिल्यांदा आई होणाऱ्यांनाही फायदा होतो. भारतातही आयसीएमआरची अशीच चाचणी सुरू होती. ब्रिटनचे निकाल आल्यावर ती मध्येच बंद करण्यात आली, कारण माहीत असताना कुणाला साखरेची गोळी देणं योग्य नव्हतं.

अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक ॲसिड सक्तीचं केलं. कॅनडातही त्याच वेळी ते झालं आणि तिथलं या व्यंगांचं प्रमाण हजारी १.५८ वरून ०.८६ वर आलं. जवळपास निम्मं. ज्यांनी गोळीचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्यापर्यंत ते पावातून पोचलं.

नेमकं काम कसं करतं? पेशी दुप्पट व्हायची तर डीएनएची प्रत काढावी लागते आणि त्यासाठी फोलेट लागतं. नळी बंद होताना पेशी भयंकर वेगाने वाढत असतात, कच्चा माल कमी पडला की कडा वेळेत भेटत नाहीत. हे ढोबळ उत्तर. बारकावे आजही पूर्ण उलगडलेले नाहीत. इथे पुन्हा कोंबडी आहे, कारण अंड्याला खिडकी पाडून गर्भाची मज्जानलिका दुसऱ्या दिवशी बंद होताना डोळ्यांनी पाहता येते. १९९६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी अंड्यातल्या गर्भाला होमोसिस्टीन दिलं. फोलेट कमी असताना हा पदार्थ रक्तात वाढतो. पिल्लांच्या मज्जानलिकेत आणि हृदयात दोष दिसले, फॉलिक ॲसिड दिल्यावर ते कमी झाले. वाटलं, कोडं सुटलं. पण उंदरांवर तेच करून पाहिलं तेव्हा तसं घडलं नाही. पिल्लू आणि बाळ यांच्यात साम्य खूप आहे, पण सगळंच सारखं नाही.

मग अंडी खाल्ली तर पुरेल ना?

ही रील तुम्हीही पाहिली असेल. 'गोळ्या कशाला, रोज दोन अंडी आणि पालेभाजी खा.' अंडी खाच. पण आकडे बघा. साध्या अंड्यात सुमारे २४ मायक्रोग्रॅम फोलेट असतं. आई होण्याची शक्यता असलेल्या बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायला सांगितलं जातं. भागाकार केला तर जवळपास सतरा अंडी होतात.

कोंबडीच्याच खाद्यात जास्त फॉलिक ॲसिड घातलं तर? हाही प्रयोग झाला आहे, विशेषतः कॅनडात. अंड्यातलं फोलेट दुप्पट-तिप्पट होतं. त्यापुढे खाद्यात कितीही ओता, अंड्यात वाढत नाही, कारण बलकात फोलेट नेऊन ठेवणारी कोंबडीची यंत्रणाच भरून जाते. म्हणजे अशी खास अंडीसुद्धा रोज सहा ते आठ लागतील. पालेभाजीत फोलेट भरपूर असतं, पण ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमी होतं. आपण पालक उकळून पाणी ओततो तेव्हा बरंचसं मोरीत जातं.

आणखी एक ट्रेंड आहे. 'तुमच्यात एमटीएचएफआर जनुकाचा दोष असेल तर फॉलिक ॲसिड चालत नाही, महागडं मिथाइलफोलेट घ्या.' अमेरिकेची सीडीसी स्पष्ट सांगते की हा बदल असलेल्यांचं शरीरही फॉलिक ॲसिड वापरू शकतं. मेंदू-मणक्याचं व्यंग टाळतं हे चाचण्यांत सिद्ध झालेलं रूपही साधं फॉलिक ॲसिडच आहे, काही रुपयांच्या पाकिटातलं.

आपल्या तांदळात नेमकं किती?

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेशन आणि इतर योजनांत पोषणयुक्त तांदूळ डिसेंबर २०२८ पर्यंत देत राहण्याला मंजुरी दिली. खर्च १७,०८२ कोटी रुपये. एफएसएसएआयच्या निकषानुसार अशा तांदळात किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलीग्रॅम, बी१२ ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम आणि फॉलिक ॲसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम असायला हवं.

ब्रिटनचं प्रमाण आठवा. १०० ग्रॅममागे २५०, म्हणजे किलोमागे २,५००. अमेरिकेत किलोमागे १,४००. आपल्याकडे ७५ ते १२५. ब्रिटनच्या तुलनेत वीस ते तेहतीस पट फरक.

'पण आपण भात जास्त खातो,' हे उत्तर लगेच येईल. बरोबर आहे. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. सगळा तांदूळच धरला तर महिनाभरात ३७५ ते ६२५ मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे दिवसाला १३ ते २१. रोज ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईलाही ३० ते ५०. फॉलिक ॲसिड नैसर्गिक फोलेटपेक्षा चांगलं शोषलं जातं, ही सवलत देऊनही रेशनच्या तांदळातून मिळणारा वाटा जेमतेम एका अंड्याएवढा.

गंमत म्हणा किंवा काहीही म्हणा, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा १९९४ चा तक्ता सांगतो की कोंबडीच्या पिल्लाच्या खाद्यात किलोमागे ५५० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड हवं. ही तुलना पूर्ण सरळ नाही, मान्य. पिल्लाच्या आकड्यात मका-सोयाबीनमधलं नैसर्गिक फोलेटही धरलेलं आहे आणि पिल्लू खाद्याशिवाय दुसरं काही खात नाही. माणसाच्या ताटात डाळ-भाजी असते, निदान असावी. पण पिल्लासाठी आकडा ठरवताना प्रश्न विचारला गेला होता: कमीत कमी किती दिलं म्हणजे नुकसान होणार नाही? बाळाच्या मणक्यासाठी हा प्रश्न आपल्या तांदळाच्या निकषात दिसत नाही.

आता शाळेतल्या निळ्या गोळीकडे या. तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आहे, आठवड्याला एकदा. दिवसाला सुमारे ७०. पाळी येणाऱ्या मुली आणि बायकांना आठवड्याला एक गोळी द्यायची असेल तर त्यात २,८०० मायक्रोग्रॅम असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलं होतं, तेही मज्जानलिकेचा विचार करूनच. गरोदर बायकांची लाल गोळी रोजची आहे, पण ती सुरू होते चौथ्या महिन्यापासून. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या सूचनांमध्ये गर्भधारणेआधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडचा सल्ला आहे, कागदावर तो बरोबरच आहे. पण गर्भधारणेआधी बाई आरोग्य केंद्रात जाते कशाला? तिला तिथे बोलावणारी कुठलीच नोंद तेव्हा नसते. आशाताईंच्या वहीत तिचं नाव 'गरोदर' म्हणूनच चढतं.

माझ्या मते गोष्ट इथे अडकली आहे. तांदूळ, निळी गोळी, लाल गोळी, सगळ्यांचं माप रक्तक्षय डोळ्यांसमोर ठेवून काढलेलं आहे. लूसी विल्सने १९२८ मध्ये परळला विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. १९९१ मध्ये जगाला मिळालेला दुसरा प्रश्न आपल्या योजनांमध्ये अजून नीट शिरलेला नाही.

मग प्रमाण वाढवून टाकायला काय हरकत आहे?

हरकत आहे आणि ती पुण्याहून आली आहे, म्हणून गांभीर्याने घ्यायला हवी.

बी१२ फक्त प्राणिजन्य अन्नात असतं. शाकाहारी आणि दूधही कमी मिळणाऱ्या लोकांत त्याची कमतरता आपल्याकडे प्रचंड आहे. बी१२ कमी असताना फॉलिक ॲसिड भरपूर दिलं तर रक्तक्षय सुधारतो आणि डॉक्टरला वाटतं सगळं ठीक आहे, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी अनेक वर्षं पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि मुलांचा पाठपुरावा करत आहेत. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त होतं, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी वाट. पुण्याच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या आणखी एका अभ्यासात मज्जानलिकेचं व्यंग असलेल्या बाळांच्या आयांमध्ये पेशींना प्रत्यक्ष वापरता येणारं बी१२ कमी आढळलं. तर गरोदर होण्याआधीच, किशोरवयापासून बी१२ दिलेल्या आयांच्या मुलांची बौद्धिक वाढ काही चाचण्यांत सरस दिसली, असं त्यांच्या 'प्रिया' या चाचणीतून २०२१ मध्ये पुढे आलं.

याचा अर्थ फॉलिक ॲसिड नको असा मला तरी दिसत नाही. अर्थ असा दिसतो की कॅनडाचं माप उचलून इथे चिकटवता येणार नाही, फॉलिक ॲसिड वाढवायचं तर बी१२ ही बरोबर वाढवावं लागेल. अन्नात काही मिसळण्यालाच विरोध असणारेही आहेत. ताटात विविधता आणा, गोळ्या-पावडरी कशाला, असं ते म्हणतात. हा मुद्दा रास्त आहे. फक्त त्याच राज्यात जानेवारी २०२५ मध्ये शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि लोकसहभागातून सोय करा असं सांगण्यात आलं, हेही शेजारी ठेवून बघायला हवं. अंड्यात फोलेट कमी असेल, बी१२ मात्र चांगलं असतं.

आत्ता काय करता येईल?

लग्न झालंय, मूल हवंय किंवा 'झालं तर झालं' अशा टप्प्यावर आहात, तर पाळी चुकायची वाट न पाहता डॉक्टरांशी रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमबद्दल बोला आणि बी१२ तपासायचं का, हेही विचारा. शाकाहारी असाल तर नक्कीच. आधीच्या बाळाला असं व्यंग होतं किंवा मिरगीसाठी औषध सुरू आहे, खास करून व्हॅल्प्रोएट, तर लागणारी मात्रा खूप वेगळी असते. ती मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची नाही आणि मिरगीचं औषध मनाने बंदही करायचं नाही.

सरकारी पातळीवर मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अन्नातून फॉलिक ॲसिड देऊन हे व्यंग टाळण्याचा ठराव मंजूर केला. भारतात सध्या ज्या पर्यायाकडे संशोधक पाहतायत तो आहे मीठ. गहू खाणारे वेगळे, तांदूळ खाणारे वेगळे, पण मीठ सगळेच घेतात. आयोडीनचा रस्ता आधीच तयार आहे. दक्षिण भारतातल्या चार गावांत ८३ महिलांना आयोडीनबरोबर फॉलिक ॲसिड घातलेलं मीठ चार महिने देण्यात आलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या रक्तातलं फोलेट साडेतीन पटींहून जास्त वाढलं. अभ्यास लहान आहे, बाळांवरचा परिणाम त्यात मोजलेला नाही आणि बी१२ चा प्रश्न त्यातही उरतोच.

एक व्यावहारिक अडचणही आहे. फॉलिक ॲसिडचा रंग मुळात पिवळा. ते मिसळलं की पांढऱ्याशुभ्र मिठाला हलकी पिवळसर छटा येते. गावात एका आजींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पिवळं मीठ? हळद सांडली म्हणून परत देईन मी दुकानदाराला."